खेळाचा लॅपटॉप व ग्राफिक्स कार्डाची निवड

कोणतीही वस्तु विकत घ्यावयाची झाल्यास ती आपणांस कशाकरितां हवी आहे हें आधीं ठरवावें, आणि मग बाजाराची वाट धरावी, हा आपल्या वडीलधाऱ्या मंडळींचा शिरस्ता होय. बैल घेणारा शेतकरी त्याचे दांत पाहतो, खांदा चांचपतो, त्यास चार पावलें चालवून पाहतो. शिंगांस लाविलेल्या बेगडावरून तो बैलाची किंमत ठरवीत नाहीं. परंतु ज्या वस्तूचे दांत दिसत नाहींत, तिच्या बाबतींत हाच व्यवहारदक्ष गृहस्थ गोंधळून जातो, आणि पेटीवर छापलेल्या नांवाच्या व आंकड्याच्या भरंवशावर कष्टाचा पैसा मोजून देतो. संगणकावरील खेळांसाठीं म्हणून जे लॅपटॉप आज विकले जातात, त्यांच्या ग्राफिक्स कार्डासंबंधानें नेमकी हीच स्थिति आहे.

शाळेच्या वार्षिकांत असल्या विषयास स्थान कां द्यावें, असें कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेंच कीं, दहावी-बारावीचे निकाल लागल्यावर ज्या मोठ्या खरेदीविषयीं घराघरांत खल चालतो, तींत या यंत्राचा क्रम आतां बराच वरचा आहे. त्याची किंमत सामान्यतः लाखाच्या घरांत जाते. उंची यंत्रें तीन लाखांच्याही पुढें जातात. पुष्कळ कुटुंबांत ही रक्कम वर्षभराच्या शिलकेहूनही अधिक असते, व ती मासिक हप्त्यांनीं फेडावी लागते. ज्या निर्णयाचें ओझें आईबापांनीं वाहावयाचें, त्याचें ज्ञान मात्र बहुधा मुलासच असतें, आणि तेंही अर्धवट. म्हणून दोघांनींही एकत्र बसून या गोष्टीचा विचार करावा, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रथम हें कार्ड करतें काय तें पाहूं. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या हुशार कारकुनासारखा असतो. नाना प्रकारचीं अवघड कामें तो भराभर एकामागून एक उरकतो. परंतु खेळांतील चित्र काढण्याचें काम अवघड नसून अफाट आहे. सामान्य पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. आणि चित्र सलग हलत आहे असें डोळ्यांस सुखानें वाटावें म्हणून तें सेकंदास ६० वेळां तरी नव्यानें काढावें लागतें. हिशेब केल्यास सेकंदास सुमारें १२ कोटि ४४ लक्ष ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो असें दिसून येईल. येथें एका हुशार कारकुनाचें काम नाहीं; हजारों साधे मजूर एकाच वेळीं लावावे लागतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे अशा मजुरांची फौज. एनव्हिडिया कंपनीनें १९९९ सालीं 'जीफोर्स २५६' हें कार्ड काढलें, तेव्हांपासून 'जीपीयू' हा शब्द लोकांच्या तोंडीं रुळला. आज तिच्याखेरीज एएमडी ही दुसरी मोठी कंपनी अशीं कार्डें बनविते, व २०२२ पासून इंटेलही 'आर्क' या नांवानें या व्यवसायांत उतरली आहे. खेळाच्या लॅपटॉपांत एनव्हिडियाच्या मालाचाच भरणा अधिक असल्यामुळें पुढील उदाहरणें त्याचींच दिलीं आहेत.

आतां पहिली महत्त्वाची गोष्ट. 'कार्ड' हा शब्द लॅपटॉपच्या बाबतींत फसवा आहे. मेजावरच्या संगणकांत ग्राफिक्स कार्ड खरोखरच निराळें असतें; पेटी उघडून तें काढतां येतें व त्या जागीं दुसरें बसवितां येतें. लॅपटॉपमध्यें, एखादा अपवाद सोडल्यास, तें मुख्य फळीवर डाख देऊन कायमचें जडविलेलें असतें. रॅम व साठवणीचा एसएसडी हे भाग पुष्कळ यंत्रांत मागाहून वाढवितां येतात. ग्राफिक्स कार्डास ती सोय नाहीं. ज्या दिवशीं यंत्र घरीं आणलें, त्या दिवशींच त्याची चित्रशक्ति कायमची ठरली. यावरून खरेदीचा पहिला नियम निघतो. रक्कम मर्यादित असेल तर अधिक रॅमकडे किंवा रंगीबेरंगी दिव्यांच्या कीबोर्डाकडे पैसा वळवूं नये. कार्ड बरें घ्यावें, आणि रॅमसाठीं रिकामी खोबण आहे किंवा नाहीं एवढें विचारून ठेवावें. रॅम पुढील वर्षीं वाढवितां येईल.

दुसरी गोष्ट नांवाची. 'आरटीएक्स ४०९०' हें नांव मेजावरच्या संगणकाच्या कार्डासही आहे व लॅपटॉपमधील कार्डासही आहे. पहिल्यांत १६,३८४ गणनघटक व २४ जीबी स्मृति आहे. दुसऱ्यांत ९,७२८ घटक व १६ जीबी. पहिल्यास ४५० वॅट वीज लागते. दुसऱ्यास निर्मात्याच्या योजनेप्रमाणें ८० पासून १५० वॅटांपर्यंत दिलेली असते. नांव एकच, परंतु फौज पांचांत तीन एवढीच. 'आरटीएक्स ४०७०' या नांवाचीही हीच कथा आहे : मेजावरच्या कार्डांत ५,८८८ घटक व १२ जीबी, तर लॅपटॉपमध्यें ४,६०८ घटक व ८ जीबी. कंपनी आपल्या कागदपत्रांत 'लॅपटॉप जीपीयू' असे शब्द जोडते, तेव्हां यास असत्य म्हणतां येणार नाहीं. पण दुकानाच्या पाटीवर आणि मुलांच्या आपसांतील बोलण्यांत ते दोन शब्द सहज गळून पडतात. मग मेजावरच्या कार्डाची परीक्षा ऐकून लॅपटॉप घेतला जातो, व घरीं आल्यावर 'ऐकलें तसें चालत नाहीं' म्हणून हळहळ होते.

तिसरी गोष्ट विजेची, आणि माझ्या मतें सर्वांत अधिक उपेक्षिलेली हीच. एकाच नांवाचीं दोन लॅपटॉप-कार्डें देखील सारखीं नसतात. 'आरटीएक्स ४०६०' हें कार्ड लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीनें ३५ वॅटांवर चालवावें कीं ११५ वॅटांवर, हें त्या कंपनीच्या मर्जीवर व यंत्राच्या जाडीवर अवलंबून असतें. त्याप्रमाणें त्याचा कमाल वेग १४७० पासून २३७० मेगाहर्ट्झपर्यंत बदलतो. एकाच मापाचे दोन नळ असले, आणि एकास भरल्या टाकीचें पाणी व दुसऱ्यास तळाचें, तर दोहोंची धार सारखी कशी पडेल? पातळ, देखण्या यंत्रांत उष्णता बाहेर टाकण्यास जागा नसते, म्हणून त्यांतील कार्डास बहुधा उपाशी ठेवावें लागतें. पूर्वीं, म्हणजे २०१७ पासून, कमी विजेवर चालणाऱ्या अशा कार्डांच्या नांवापुढें 'मॅक्स-क्यू' हे शब्द लावीत. २०२१ सालच्या ३० मालिकेपासून ती खूण नांवांतून गेली. सबब आतां गिऱ्हाइकानें स्वतःच वॅटांचा आंकडा विचारला पाहिजे. निर्मात्याच्या संकेतस्थळावर तपशिलाच्या कोष्टकांत तो 'टीजीपी' या नांवाखालीं दिलेला असतो. तेथें नसल्यास दुकानांतील चालू यंत्रावर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधील 'सिस्टीम इन्फर्मेशन' या ठिकाणीं पाहावा. जो दुकानदार हा आंकडा सांगत नाहीं व दाखवूंही देत नाहीं, त्याच्याकडून हें यंत्र घेऊं नये. शेवटच्या पंधरा-वीस वॅटांनीं फारसा फरक पडत नाहीं. परंतु ५० वॅटांचें आणि १०० वॅटांचें कार्ड हीं नांवानें सख्खीं भावंडें असलीं तरी कामानें तशीं नाहींत. पोटभर वीज मिळणारें ४०६० हें उपाशी ४०७० च्या पुढें जाऊं शकतें.

चौथी गोष्ट कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीची. मजूर कितीही असले तरी विटा रचून ठेवण्यास जागा नसेल तर ते खोळंबतात. खेळांतील भिंती, वस्त्रें, झाडें यांचीं चित्रें या स्मृतींत भरलेलीं असतात. ती अपुरी पडली कीं तीं संगणकाच्या रॅममधून आणावीं लागतात, व खेळ मधूनमधून अडखळतो. लॅपटॉपमधील ४०५० कार्डांत ६ जीबी, आणि ४०६० व ४०७० या दोहोंतही सारखीच ८ जीबी स्मृति आहे. २०२५ सालीं निघालेल्या मालिकेंत ५०६० व ५०७० हीं दोन्हीही ८ जीबीवरच बाजारांत आलीं. ५०७० टीआय या कार्डांत मात्र १२ जीबी आहे. तेव्हां '६०' वरून '७०' वर जाण्यासाठीं जी जास्तीची रक्कम मागितली जाते, तिच्या मोबदल्यांत मजूर वाढतात, पण जागा वाढत नाहीं. साधारण कुटुंबानें पूर्ण विजेच्या '६०' वर थांबावें, आणि खरोखरच अधिक हवें असेल तर मधली पायरी गाळून १२ जीबीकडे जावें, असें माझें स्पष्ट मत आहे.

पांचवी गोष्ट पडद्याची. अलीकडे २५६० × १६०० ठिपक्यांच्या पडद्याची फार वाहवा होते. त्यावर ४०,९६,००० ठिपके असतात, म्हणजे साध्या पडद्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि तो सेकंदास १६५ वेळां बदलावयाचा असेल तर काम पांचपटीहून अधिक वाढतें. लहान कार्डापुढें मोठा पडदा ठेवणें म्हणजे तट्टावर हत्तीचें ओझें लादणें होय. यावर उपाय म्हणून एनव्हिडियाची डीएलएसएस व एएमडीची एफएसआर या युक्ति निघाल्या आहेत. त्यांत चित्र लहान काढून कुशलतेनें मोठें केलें जातें. त्या उपयुक्त आहेत. परंतु २०२२ पासून दोन खऱ्या चित्रांच्या मध्यें एक कल्पित चित्र घालण्याची जी रीति आली आहे, तिच्यामुळें दिसणारा आंकडा वाढला तरी बोट दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद जलद होत नाहीं. जाहिरातींतील आंकडे यांपैकीं कोणते, खरे कीं घातलेले, हें पाहिल्यावांचून त्यांवर विश्वास ठेवूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं : खेळावयाचें काय? या प्रश्नाचें उत्तर न देतां कार्ड निवडणें म्हणजे गांव न ठरवितां तिकीट काढणें होय. २०२० सालीं निघालेला 'व्हॅलोरंट' हा खेळ २०१२ सालच्या इंटेल एचडी ४००० या प्रोसेसरमधील अंगभूत चित्रयंत्रणेवरही चालावा अशा बेतानें तयार केलेला आहे. त्यासाठीं लाखाचें यंत्र घेणें हा निव्वळ डौल होय. याच्या उलट डिसेंबर २०२४ मध्यें आलेला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' हा खेळ प्रकाशकिरणांचा हिशेब करणाऱ्या कार्डावांचून सुरूच होत नाहीं. त्यास निदान आरटीएक्स २०६० सुपर लागतें, असें त्याच्या निर्मात्यांनींच जाहीर केलें. प्रत्येक खेळाच्या विक्रीच्या पानावर 'किमान' व 'शिफारस केलेलें' अशीं दोन कोष्टकें असतात. आपल्या आवडीचे चार-पांच खेळ निवडून तीं कोष्टकें वहींत उतरून काढल्यास निम्मी निवड तेथेंच होते.

येथें घराचा व हवेचाही विचार केला पाहिजे. शंभर वॅट विजेवर चालणारें कार्ड शंभर वॅट उष्णता खोलींत सोडतें. वैशाखांत जळगांवला किंवा नागपुरास आधींच तापलेल्या खोलींत, गादीवर किंवा रजईवर ठेवलेल्या यंत्राच्या खालच्या झडपा बंद झाल्या, तर तें स्वतःच्या रक्षणासाठीं वेग कमी करतें. मग पूर्ण विजेच्या कार्डाचे मोजलेले पैसे व्यर्थ जातात. शिवाय विमानांतून सहज नेतां यावी म्हणून लॅपटॉपची बॅटरी १०० वॅट-तासांच्या आंतच ठेवितात. ज्याचें कार्डच शंभर वॅट ओढतें, तें यंत्र बॅटरीवर पूर्ण जोरानें तासभरही चालणें शक्य नाहीं. म्हणून बॅटरीवर असतां कार्डाचा जोर मुद्दाम कमी केलेला असतो. तात्पर्य, हा खेळ भिंतीजवळ, वायर लावून, मेजावर बसूनच खेळावा लागतो.

आणि जर असें आहे, तर लॅपटॉपच कां? हा प्रश्न प्रत्येक पालकानें अवश्य विचारावा. जो मुलगा घरीं राहूनच शिकणार आहे, त्यानें मेजावरचा संगणक घ्यावा. तेवढ्याच पैशांत त्याचें कार्ड अधिक बलवान् मिळतें, तें पुढें बदलतां येतें, एक भाग बिघडल्यास तेवढाच दुरुस्त होतो, आणि यंत्र बैठकीच्या खोलींत सर्वांच्या डोळ्यांदेखत राहतें. वसतिगृहांत जाणाऱ्याची, अथवा ज्याच्या गांवीं वीज वरचेवर जाते त्याची, गोष्ट निराळी; त्यास लॅपटॉप घेणें वाजवी आहे. परंतु केवळ वर्गांतील दुसऱ्याकडे आहे म्हणून लॅपटॉप घेणें हें कारण विचारास टिकणारें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आतां दोन शब्द तुमच्यासाठीं. 'अभ्यासाकरितां लागतो' हें वाक्य आईबापांपुढें उच्चारण्यापूर्वीं क्षणभर थांबा. अकरावी-बारावीच्या कोणत्याही विषयास निराळें ग्राफिक्स कार्ड लागत नाहीं. निबंध लिहिणें, व्याख्यानें पाहणें, प्रोग्रॅमिंग शिकणें हीं कामें साध्या यंत्रावर उत्तम होतात. स्थापत्याचीं त्रिमिति चित्रें, ॲनिमेशन, यंत्रांस शिकविण्याचें गणित यांस तें खरोखर उपयोगी पडतें. पण तें शिक्षण सुरू झाल्यावर. महाविद्यालयाचें पहिलें वर्ष थांबून, तेथील शिक्षकांस विचारून मग घ्यावें. तोंवर अधिक नवें कार्डही निघालेलें असेल. आणि हवा असेल तो खेळासाठींच, तर तसें धीटपणें सांगा. खेळ ही लाजेची गोष्ट नव्हे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें २०२० सालीं 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा आपल्या पुराणकथांवर उभारलेला खेळ जगापुढें आणला, अशा कृतींत चित्रकला, संगीत, गणित व कथा यांचा मेळ असतो. तेव्हां खेळाची आवड लपविण्याचें कारण नाहीं. परंतु खेळाची वस्तु अभ्यासाच्या नांवावर मागणें हें मात्र लपवावें लागेल असेंच कृत्य आहे. ज्या वडिलांनीं स्वतःचा दोन वर्षांचा खर्च आवरून हप्ते फेडले, त्यांस खरें कारण कळण्याचा हक्क आहे. खरें सांगून मिळालेला साधा लॅपटॉप हा खोटें सांगून मिळविलेल्या उंची लॅपटॉपाहून अधिक सुख देईल, कारण त्यावर खेळतांना दाराकडे लक्ष ठेवावें लागणार नाहीं.

पालकांसही एक विनंति. 'इतके टक्के मिळव, म्हणजे लॅपटॉप देतों' असा शब्द द्यावयाचा असेल तर मोघम देऊं नये. रक्कम किती, केव्हां, व कोणत्या कामाचें यंत्र, हें आधींच ठरवावें. मुलानें मनांत एक यंत्र धरावें, व आपण दुकानदाराच्या सांगण्यावरून तांबड्या दिव्यांचें भलतेंच यंत्र आणून 'हाच तो गेमिंग लॅपटॉप' म्हणावें, यानें पैसाही जातो व दिलेला शब्दही पाळल्यासारखा होत नाहीं. त्याचप्रमाणें 'खेळ म्हणजे बिघडणें' असें म्हणून चर्चाच बंद करूं नये. चर्चा बंद झाली कीं मुलगा खोटें कारण शोधूं लागतो, आणि ती संवय त्याला आपणच लावून देतों.

माझी सूचना अशी कीं, ज्यास हें यंत्र हवें असेल त्या विद्यार्थ्यानें एका कागदावर पुढील गोष्टी लिहून आईवडिलांच्या हातीं द्याव्या : कोणते खेळ खेळावयाचे, त्यांस किमान कोणतें कार्ड लागतें, निवडलेल्या यंत्रांतील कार्डास किती वॅट मिळतात, त्याची स्मृति किती, पडदा केवढा, रॅम पुढें वाढवितां येईल काय, यंत्र घरांत कोठें ठेवणार, आणि दिवसाकाठीं किती वेळ खेळणार. ज्याला हा कागद भरतां येतो, त्यानें अर्धी परीक्षा दिलीच. ज्याला भरतां येत नाहीं, त्याला यंत्राची गरज नसून नांवाची हौस आहे असें समजावें. कागद वाचून आईवडिलांनीं 'होय' म्हटलें तर आनंद आहे. 'यंदा नको' म्हटलें तर तो कागद जपून ठेवावा. कार्डांचीं नांवें दर दोन वर्षांनीं बदलतात, परंतु त्यांतील प्रश्न पुढील वर्षींही जसेच्या तसे उपयोगीं पडतील.